वागळे पुन्हा घरी आले

जुनी मालिका नव्याने सुरू झाली की घरोघरी एकच प्रश्न निघतो: पहिल्यासारखी आहे का? प्रश्न साधा, पण घरात तीन पिढ्या बसलेल्या असतील तर उत्तरं तीन मिळतात. नाना मान हलवतात, सूनबाई म्हणते "बरी आहे की", आणि नातवाला पहिली कोणती हेच ठाऊक नसतं. मंचर, घोडेगाव, नारायणगाव आणि जुन्नरच्या वाचक भगिनींशी बोलताना हा विषय वरचेवर निघतो, आणि त्यात एक नाव हमखास येतं, ‘वागले की दुनिया’चं. म्हणून या महिन्यात त्याच घरात जरा डोकावू या.

आधी नावाचीच गंमत पाहा. आपल्याकडे आडनाव वागळे. हिंदीत ‘ळ’ चालत नाही, म्हणून पडद्यावर ते वागले झाले. मराठी कुटुंब, पण घरात बोलणार हिंदी. आपल्या वाचकांना याचं नवल वाटायला नको. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात अम्मीशी दखनी, शाळेत मराठी आणि टीव्हीसमोर हिंदी असा कारभार चालतो. उलट, हिंदी बोलणारं ते मराठी घर पाहून कुणाला परकं वाटलं नाही, यातच त्या मालिकेचं अर्धं यश होतं.

मूळ मालिका १९८८ साली दूरदर्शनवर आली. कल्पना व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांची. वर्तमानपत्रातल्या चौकोनात चौकटीचा कोट आणि धोतर घालून मुकाट्याने सगळं पाहणारा त्यांचा ‘कॉमन मॅन’ सर्वांना ठाऊक आहे. पुण्यात सिम्बायोसिसच्या आवारात त्याचा पुतळाही उभा आहे. लक्ष्मण यांचे अखेरचे दिवस पुण्यातच गेले. २६ जानेवारी २०१५ रोजी त्यांचं तिथेच निधन झालं. मुकाट्याने पाहणाऱ्या त्या माणसाला बायको, मुलं, नोकरी आणि शेजारी दिले की जे होईल, ते म्हणजे श्रीनिवास वागळे. निर्मिती दुर्गा खोटे यांच्या संस्थेची. दिग्दर्शक कुंदन शाह. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले, ‘जाने भी दो यारो’ करणारे आणि ‘नुक्कड’शीही नाव जोडलेले.

श्रीनिवास झाले अंजन श्रीवास्तव आणि राधिका झाल्या भारती आचरेकर. श्रीवास्तव हे ‘इप्टा’चे नट, अभिनय सांभाळून बँकेत नोकरी करणारे. त्यामुळे नोकरदाराची घाई, साहेबासमोरची अवघड उभं राहण्याची तऱ्हा आणि पहिल्या तारखेची वाट पाहणं हे त्यांना शिकवायला लागलं नसावं. भारतीताई या गायिका माणिक वर्मा यांच्या कन्या. त्यांच्या हिंदीला मराठी हेल होता आणि तो त्यांनी लपवला नाही. एका भागात नवखा शाहरुख खानही येऊन गेला, वागळ्यांना गाडीची धडक देणारा तरुण म्हणून.

तो काळ नंबर लावण्याचा होता. फोनला नंबर, गॅसला नंबर, स्कूटरला नंबर. मनात आलेली वस्तू आणि हातात आलेली वस्तू यांच्यामध्ये काही वर्षं असत, आणि त्या वर्षांत माणूस कसा वागतो यावर वागळ्यांचा विनोद उभा होता. वागळे भित्रे होते, पण खोटे नव्हते. कुणाचं नुकसान करून पुढे जाणं त्यांना जमत नव्हतं, आणि म्हणून ते मागे राहत. आपण त्यांच्या फजितीला हसायचो. त्यांच्या सचोटीला कधी हसलो नाही. हा फरक लक्षात ठेवू या. पुढे तोच कामाला येणार आहे.

आता नवी मालिका. फेब्रुवारी २०२१ मध्ये, करोनाच्या दोन लाटांच्या मधल्या उसंतीत, ती सोनी सब वाहिनीवर सुरू झाली. करणारे जे. डी. मजेठिया आणि आतिश कापडिया यांच्या संस्थेचे लोक, म्हणजे ‘खिचडी’ आणि ‘साराभाई’वाले. मुख्य पात्र आता श्रीनिवासचा मुलगा राजेश. ही भूमिका सुमीत राघवन यांची. जुन्या ‘महाभारता’त ते लहान सुदामा होते, आणि काशिनाथ घाणेकरांवरच्या मराठी चित्रपटात डॉ. श्रीराम लागू. राजेशची बायको वंदना, म्हणजे परिवा प्रणती. त्यांना सखी आणि अथर्व ही दोन मुलं. आणि या सगळ्यांच्या मधोमध, तेहतीस वर्षांनी, तेच श्रीनिवास आणि त्याच राधिका. तेच नट, खऱ्या पांढऱ्या केसांसह.

माझ्या मते या मालिकेचा सर्वांत शहाणा निर्णय हाच आहे. जुनं नाव परत आणणाऱ्यांसमोर दोन वाटा असतात. एक, त्याच माणसांना तेच वय देऊन तेच विनोद करायला लावायचे. दोन, सगळे नवे चेहरे घेऊन जुनी पाटी लावायची. वागळ्यांनी तिसरी वाट धरली. वय झालं आहे हे मान्य केलं, घर मुलाच्या हाती दिलं आणि आई-वडिलांना घरातच ठेवलं.

पाटी आणि घर यांतला फरक आपल्या भागातल्या माणसाला वेगळा सांगायला नको. आंबेगाव तालुक्याचं नाव आंबेगाव, पण कचेऱ्या घोडेगावात. ज्या गावामुळे तालुक्याला नाव मिळालं, ते जुनं आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. नाव राहिलं. गाव मात्र राहिलं ते जिथे त्याची माणसं जाऊन वसली तिथे. मालिकांचंही असंच आहे. नाव घेऊन येणं सोपं असतं. माणसं बरोबर आली का, हे पाहावं लागतं.

नारायणगावात ही परीक्षा दरवर्षी होते. यात्रांच्या हंगामाआधी तमाशा फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच सुपाऱ्या ठरवायला येतात आणि पाटीवर बहुतेक वेळा आई-वडिलांचं नाव असतं. विठाबाई नारायणगावकरांच्या पुढच्या पिढ्यांनी फड चालवले तेव्हा लोक नाव ऐकून आले खरे, पण नुसत्या नावावर कुणी रात्रभर बसत नाही. पुढच्याने स्वतःचं काही आणलं तरच गर्दी टिकते.

या कसोटीवर इतर मालिका लावून पाहा. ‘नुक्कड’ १९८६ मध्ये आली आणि गल्लीच्या कोपऱ्यावरची माणसं घराघरांत पोचली. १९९३ मध्ये ‘नया नुक्कड’ आली. आज कुणालाही विचारा, खोपडी, गुरू, कादरभाई ही पहिल्या ‘नुक्कड’ची नावं आठवतील, दुसरीचं एकही सांगता येणार नाही. ‘साराभाई वर्सेस साराभाई’ २००४ मध्ये आली आणि २०१७ मध्ये मोबाईलवर पाहायच्या मालिकेच्या रूपात परतली. सतीश शाह, रत्ना पाठक शाह, सुमीत राघवन, रूपाली गांगुली, राजेश कुमार, सगळे तेच. हसू आलं, पण जुने मित्र बऱ्याच वर्षांनी भेटल्यावर येतं तसं. ‘खिचडी’ तर २००२ पासून मालिका, चित्रपट, पुन्हा मालिका, पुन्हा चित्रपट अशा फेऱ्या मारते आहे. तिची माणसं मुळातच चित्रातल्यासारखी असल्याने त्यांना वयाचा फारसा जाच होत नाही. वागळ्यांना होतो, कारण ते खऱ्या घरातले आहेत.

मध्यंतरी जुन्नरला मामूंच्या घरी मुक्कामाला होते. मामू एसटीतून निवृत्त. मुलगा चाकणच्या एका कंपनीत, रविवारी येतो. सून आणि नववीतली नात जुन्नरलाच. इशानंतर नातीने मोबाईल टीव्हीला जोडला आणि दोन-तीन जुने भाग लावले. शाहरुख दिसताच ती ओरडली, "अगे दादी, ये तो शाहरुख है ना!" मग ती लक्ष देऊन पाहू लागली, पण थोड्या-थोड्या वेळाने एकच विचारायची: "ये लोगां फोन क्यूं नै करते?" मामींनी तिला सांगितलं, फोन असायला हवा ना घरात. तिला ते पटेना. तिच्या दृष्टीने निम्मे घोटाळे एका मेसेजने मिटण्यासारखे होते.

मुलीचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. निरोप न पोचणं, चुकीचा पोचणं, उशिरा पोचणं यावर जुन्या विनोदाचा मोठा भाग चालत असे. आज निरोप सेकंदात पोचतो. गैरसमज तरीही होतातच, फक्त ते वेगळ्या कारणाने होतात. निरोप पाहिला पण उत्तर दिलं नाही. गटावर टाकला पण घरातल्याला सांगितला नाही. नव्या वागळ्यांनी हे ओळखलं आहे. मुलांचा मोबाईल, सोसायटीतली भांडणं, हप्ते, आजारपण, मुलींची काळजी हे तिचे विषय आहेत. सासू-सुनांचे कट नाहीत, विषाचे प्याले नाहीत, दागिन्यांनी मढून झोपणाऱ्या बायका नाहीत. घरातल्या सर्वांनी एकत्र बसून, रिमोट हातात घट्ट न धरता पाहावी अशी मालिका आज किती मिळते? या एका गोष्टीसाठी तिचे आभार मानायला हवेत.

पण मग कमी काय पडतं? दोन गोष्टी.

पहिली म्हणजे रोजचा रतीब. जुन्या काळी दूरदर्शनवर मालिकांना तेरा-तेरा भागांच्या हिशेबाने मंजुरी मिळे आणि आठवड्यातून एक भाग दिसे. लिहिणाऱ्याला विचार करायला वेळ आणि पाहणाऱ्याला आठवायला वेळ. नव्या मालिकेने हजारावर भाग केले. हजार दिवस रोज ताजी भाकरी थापायची म्हटलं तर कधी पीठ कमी, कधी तवा गार. एका भागात मावेल असा प्रसंग चार-चार दिवस चालतो. छोट्या अडचणीला मोठ्या संकटाचं संगीत लागतं. जुने वागळे एखाद्या क्षुल्लक गोष्टीसाठी घाम गाळत आणि आपण हसत असू. नव्या वागळ्यांची अडचण खरंच मोठी होते, आणि मग हसायचं राहून जातं.

दुसरी म्हणजे शिकवण. नव्या मालिकेत भागाच्या शेवटी कुणीतरी, बहुतेक वेळा राजेश किंवा श्रीनिवास, काय शिकायचं ते नीट समजावून सांगतं. सांगितलेलं चूक नसतं. पण कुंदन शाह यांनी हे काम आपल्यावर सोडलं होतं. वागळ्यांनी सचोटीचं भाषण दिलं नाही. त्यांच्या हातून लबाडी झाली नाही, एवढंच आपण पाहिलं आणि समजलो. घरात मुलांना वाढवणाऱ्या प्रत्येक आईला हे ठाऊक आहे. मुलं ऐकून थोडं शिकतात आणि बघून जास्त.

आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांनी आवर्जून लक्षात घ्यावी अशी आहे. ‘नुक्कड’मध्ये कादरभाईंचं हॉटेल होतं. अवतार गिल यांनी ती भूमिका केली होती. करीम नावाचा न्हावी होता. तो जावेद खान यांनी रंगवला. कादरभाई मुसलमान आहेत हे कुणी समजावून सांगितलं नाही, त्यावर खास भाग नव्हता, एकोप्याचं भाषण नव्हतं. ते उधारीसाठी ओरडत, चहा देत आणि गल्लीतल्या इतरांसारखेच कधी चिडत, कधी पाघळत. नारायणगावच्या एसटी स्टँडजवळ किंवा मंचरच्या बाजारात असे कादरभाई आपण रोज पाहतो. ते आपले भाऊ, चाचा, शेजारी आहेत.

त्यानंतरच्या विनोदी मालिकांत असं पात्र कमी झालं. ‘तारक मेहता’मधला अब्दुल आपल्या सर्वांच्या ओळखीचा. त्याचं दुकान पाठ आहे, पण त्याचं घर, त्याची अम्मी, त्याच्या घरातलं एखादं साधं भांडण क्वचितच दिसतं. तो सगळ्यांच्या सणांना हजर असतो. आनंद आहे. पण दुकानदार म्हणून दिसणं वेगळं आणि घर असलेला माणूस म्हणून दिसणं वेगळं. जुन्या मालिका परत आणायच्याच असतील, तर त्यांतली ही सहजताही परत यावी, असं मला वाटतं. त्यासाठी वेगळा भाग नको. शेजारच्या दारातून एखादी शबाना किंवा रुकैया वाटीभर साखर मागायला यावी, वंदनाशी दोन शब्द बोलून परत जावी, आणि पुढच्या आठवड्यात तिच्याही मुलाच्या दहावीचा निकाल लागावा. जुन्नरच्या वाड्यांत आणि पेठांत शेजार असाच चालत आला आहे.

तर पुन्हा मूळ प्रश्नाकडे. नवे वागळे पहिल्यासारखे आहेत का?

विनोदाच्या बाबतीत नाहीत. पहिल्या मालिकेची नेमकी कात्री, कमी बोलण्याची हिंमत आणि शेवट मोकळा सोडण्याची रीत नव्यात नाही. रोज दाखवायच्या मालिकेकडून ती मागणंही जरा जास्तच होईल. पण पहिल्या मालिकेजवळ नव्हतं असं एक या मालिकेजवळ आहे: म्हातारपण. १९८८ चे वागळे संसार सुरू करणारे होते. त्यांच्यापुढे पुढची पगारवाढ होती. आजचे श्रीनिवास निवृत्त आहेत. मुलगा आता त्यांचं ऐकतो की ऐकल्यासारखं करतो, हे त्यांना नीट कळत नाही. नातवंडांच्या बोलण्यातले निम्मे शब्द समजत नाहीत. राधिकाबाईंना स्वयंपाकघरात किती लुडबुड करावी याचा अंदाज घ्यावा लागतो. कित्येकदा हे दोघे फक्त बाकावर बसलेले असतात, आणि नुसत्या बसण्यातून ते जे दाखवतात ते शेवटच्या भाषणाला जमत नाही.

मामूंच्या घरी जुन्या भागांनंतर नातीने नवा भाग लावला होता. तोवर मामू मोठमोठ्याने हसत होते. नव्या भागात पांढऱ्या केसांचे श्रीनिवास दिसले तेव्हा ते हसायचे थांबले आणि म्हणाले, "ये भी थक गया रे." मग बराच वेळ बोलले नाहीत. भाग संपल्यावर मात्र नातीला सांगत बसले: एसटीची रात्रपाळी, माळशेज घाटातलं धुकं, घरी फोन नव्हता तेव्हा निरोप कसा पाठवायचे. चाकणला असलेल्या तिच्या बापालाही यातलं निम्मं ठाऊक नव्हतं, असं सून मागाहून म्हणाली. ती मुलगी त्या रात्री अकरापर्यंत ऐकत होती.

आपल्या दोन्ही तालुक्यांत अशी घरं वाढत चालली आहेत. तरणी मुलं पुण्यात, चाकणला, हिंजवडीला; घरी आई-वडील, एक मोठा टीव्ही आणि सोफ्याची एक बाजू कायम रिकामी. टीव्ही चालू असतो तो बहुतेक वेळा आवाजासाठी. अशा घरात जुन्या मालिकेचं परत येणं ही करमणुकीपेक्षा थोडी अधिक गोष्ट आहे. थोरल्यांना ओळखीचा चेहरा मिळतो आणि धाकट्यांना विचारायला निमित्त.

२०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ‘रामायण’, ‘महाभारत’, ‘सर्कस’, ‘देख भाई देख’, ‘श्रीमान श्रीमती’ अशा जुन्या मालिका पुन्हा दाखवल्या तेव्हा लोकांनी त्या पोटभर पाहिल्या. जुनं जसंच्या तसं दाखवण्यालाही किंमत आहे. पण त्यात काळ थांबलेला असतो. नव्या वागळ्यांत तो पुढे गेलेला दिसतो, आणि आपल्या घरातलाही गेलाच आहे.

माझं सांगणं एवढंच. सगळे हजार भाग पाहायची गरज नाही. एखाद्या सुट्टीच्या दिवशी मुलगा घरी असेल तेव्हा एक जुना भाग लावा आणि लागोपाठ एक नवा. दादी, नाना, सून, नातवंडं, सगळ्यांना बसवा. आणि नवा भाग संपला की टीव्ही बंद करा, कारण थोरली माणसं बोलायला लागतील. पुढचं त्यांच्याकडून ऐकायचं आहे.